ओरिएंटियरिंगमध्ये सुटायची वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलातले किंवा गावातले ठरावीक झेंडे, म्हणजे ‘कंट्रोल’, क्रमाने गाठत धावायची शर्यत. कंट्रोलच्या त्या क्रमाला ‘कोर्स’ म्हणतात. ब्रिटन, स्वीडन, जर्मनी किंवा स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाची या खेळाशी ओळख बहुधा रविवारच्या क्लब शर्यतीत होते. नोंदणी केली की ‘११:४२’ अशी विचित्र वेळ हातात पडते, आणि प्रश्न तिथूनच सुरू होतात. नवख्यांपासून दोन-चार वर्षं धावलेल्यांपर्यंत सगळे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

सगळ्यांना एकदम का सोडत नाहीत?

मॅरेथॉनची वाट आधीच ठरलेली असते. इथे वाट शोधणं हीच परीक्षा. एकदम सोडलं तर पुढचे चार जण नकाशा वाचतील आणि मागचे चाळीस त्यांच्या पाठी पाहून पळतील. म्हणून एकाच कोर्सवरच्या स्पर्धकांना ठरावीक अंतराने एकेक करून सोडतात, प्रत्येकाची वेळ वेगळी मोजतात आणि सर्वांत कमी वेळ घेणारा जिंकतो. म्हणजे इतरांनंतर अर्ध्या तासाने शेवटची रेघ ओलांडणारा माणूसही पहिला असू शकतो.

याचा दुसरा परिणाम असा की सगळे त्याच जंगलातून धावतात, पण वेगवेगळ्या वेळी. दव, ऊन, उजेड, तुडवलेलं गवत, आजूबाजूला असलेली माणसं, सगळं तासातासाने बदलत जातं.

दोघांच्या सुटण्यात किती अंतर असतं?

जागतिक स्पर्धांमध्ये स्प्रिंटला (सर्वांत छोटी शर्यत) १ मिनिट, मिडलला (मध्यम) २ आणि लाँगला (सर्वांत लांब) ३ मिनिटं. क्लबच्या शर्यतींत सर्वसाधारणपणे १ किंवा २ मिनिटं.

हे आकडे विजेत्याच्या वेळेशेजारी ठेवून पाहा. स्प्रिंट साधारण १४ मिनिटांत संपते, त्यातलं १ मिनिट म्हणजे सुमारे ७ टक्के. मिडल ३३ मिनिटांची धरली तर २ मिनिटं म्हणजे ६ टक्के. पुरुषांची लाँग ९५ मिनिटांची धरा. तिथे ३ मिनिटं म्हणजे जेमतेम ३ टक्के. याचा अर्थ, पुढच्या माणसाला गाठायला स्प्रिंटमध्ये बऱ्यापैकी फरक लागतो, पण लाँगमध्ये थोडासा वेग जास्त असला किंवा पुढच्याने एक कंट्रोल चुकवला तरी पुरतं. अंतर मिनिटांत सर्वांत मोठं असूनही माणसं एकमेकांना सर्वांत जास्त गाठतात ती लाँगमध्येच. सुटायच्या यादीत आपल्या पुढेमागे कोण आहे, याला तिथेच सर्वांत जास्त किंमत आहे.

अंतर आणखी का वाढवत नाहीत? ४० जणांना ३ मिनिटांनी सोडायला ११७ मिनिटं लागतात. ५ मिनिटांनी सोडलं तर सव्वातीन तास जातात. एवढ्या वेळात हवामानच बदलतं. एक अन्याय टाळायला जाऊन दुसरा ओढवून घ्यायचा.

कोण कधी सुटणार हे ठरवतात कसं?

साध्या शर्यतीत संगणकावर सोडत काढतात. ब्रिटनमध्ये नोंदणी करताना बऱ्याच ठिकाणी ‘लवकर, मधे, उशिरा’ अशी पसंती विचारतात. ती शक्य असेल तरच पाळली जाते. उशिरा नाव देणाऱ्यांसाठी यादीत रिकाम्या जागा ठेवतात. यादीत तुमच्या पुढे ‘रिकामी’ दिसली तर प्रत्यक्ष अंतर दुप्पट असू शकतं.

मोठ्या स्पर्धांत नुसतं नशीब नसतं. क्रमवारीत वरचे सर्वांत शेवटी सुटतात. पात्रता फेरी असेल तर अंतिम फेरीचा क्रम तिच्या निकालाच्या उलटा लागतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एकाच देशाचे दोघे लागोपाठ सुटत नाहीत. सोडतीत तसं आलं तर पुढचं नाव मधे घालतात. कारण उघड आहे: एकाच संघातले दोघे जंगलात भेटले तर एकमेकांना मदत करण्याचा मोह होतो.

शेवटी सुटणाऱ्याला खरंच फायदा होतो का?

जंगल कसलं आहे यावर ते आहे. पावसाळा संपताना सह्याद्रीतल्या छातीएवढ्या गवतातून पहिल्यांदा वाट काढणारा आणि चाळीस जण गेल्यावर त्याच वाटेने जाणारा, यांच्या दमण्यात किती फरक असतो हे ट्रेक करणाऱ्याला सांगायला नको. उन्हाळ्यात ब्रिटनच्या जंगलांत ब्रॅकन नावाचं नेचं कमरेच्या वर वाढतं. स्कॉटलंडच्या डोंगरउतारांवर हेदरची काटक झुडपं असतात. स्वीडन-फिनलंडमध्ये ब्लूबेरीची दाट झुडपं आणि शेवाळाच्या दलदली. अशा जमिनीवर पहिल्या तासाभरात पायवाटा उमटतात आणि नंतरच्याला त्या आयत्या मिळतात. फायदा दोन प्रकारचा. एक, पाय कमी अडकतात. दुसरा जास्त मोलाचा: कंट्रोलच्या अगदी जवळच्या पन्नास-साठ मीटरमध्ये, म्हणजे जिथे एरवी थांबून नकाशा बघावा लागतो तिथे, तुडवलेलं गवत थेट झेंड्याकडे बोट दाखवतं.

गावातल्या स्प्रिंटमध्ये यातलं काहीच लागू होत नाही. बीच नावाच्या झाडांच्या मोकळ्या जंगलातही, जमीन कोरडी असेल तर, फरक किरकोळच.

पण पायवाट फसवतेसुद्धा, आणि नवखे इथेच मार खातात. एका जंगलात एकाच दिवशी आठ-दहा कोर्स असतात. तुमच्या पुढ्यातली ठळक वाट दुसऱ्याच कोर्सच्या कंट्रोलकडे जात असेल. ती कंट्रोलकडे जाणारी आहे की कंट्रोलवरून पुढे निघालेली, हेही वाटेवरून कळत नाही. कधी पहिल्या पाच जणांनी चुकीची घळ पकडलेली असते आणि मागचे वीस जण तीच चूक रुंद करत जातात. आमचा नियम साधा: होकायंत्राने ठरवलेली दिशा आणि वाट जुळत असेल तोवर वाट वापरा, फाटा फुटला की वाट सोडा, दिशा सोडू नका.

दलदलीत तर हिशोब मधेच उलटतो. पहिले काही जण गेल्यावर चालायला सोपं जातं, पण दोनशे पाय पडून गेले की वरचा शेवाळाचा थर फाटतो आणि गुडघाभर चिखल वर येतो. तेव्हा तुडवलेल्या पट्ट्यापासून पाच मीटर बाजूने जावं. ओढ्याच्या काठाचंही तसंच. सगळे उतरलेत ती जागा दुपारपर्यंत घसरगुंडी झालेली असते.

मग लवकर सुटणाऱ्याच्या हाती काय उरतं?

शांतता. जंगलात माणसं कमी, त्यामुळे लक्ष नकाशावर राहतं. उन्हाळ्यात थंडावा मिळतो, आणि लांबच्या कोर्सवर उकाडा टळणं पायवाटेच्या फायद्यापेक्षा मोठं ठरू शकतं. ओढ्याचा काठ अजून फाटलेला नसतो, गर्दीचा आवाज नसतो. नवख्याने निदान पहिल्या काही शर्यतींत लवकरची वेळ मागावी असं आमचं स्पष्ट मत आहे. खरं शिकणं तेव्हाच होतं, आणि वाट चुकली तर कोर्स बंद व्हायला भरपूर वेळ असतो. ब्रिटनमध्ये साडेदहा ते साडेबारा सुटणं आणि अडीचला कोर्स बंद, असा बेत सर्रास दिसतो. १२:२५ ला सुटणाऱ्या नवख्याच्या डोक्यावर घड्याळ असतंच. कोर्स बंद व्हायच्या आत, शर्यत अर्धवट सोडली तरी, शेवटच्या ठिकाणी हजेरी लावणं सक्तीचं आहे. नाही लावली तर तुम्हाला शोधायला माणसं निघतात.

माझ्या पुढे-मागे कोण आहे याने माझी वेळ बदलते का?

बदलते, आणि पायवाटांपेक्षा जास्त बदलते. तुमच्यापेक्षा थोडा वेगवान माणूस तुमच्या मागे सुटला असेल तर तो तुम्हाला गाठेल आणि मग काही कंट्रोल तुम्ही त्याच्या वेगाने धावाल. पुढे संथ माणूस असेल तर तुम्ही त्याला गाठाल, आणि गंमत अशी की गाठल्यावर पुष्कळांचा वेग वाढण्याऐवजी कमी होतो. समोर पाठ दिसली की डोळे नकाशावरून उठतात. लाँगमध्ये तीन-चार जणांची अशी आगगाडी तयार झाली की डब्यातल्या प्रत्येकाला वाटतं, पुढचा नकाशा वाचतोय.

सुटायची यादी आदल्या रात्री पाहावी, पण दोनच गोष्टींसाठी: मागचा गाठण्याची शक्यता किती, आणि पुढचा साधारण कुठे दिसेल. त्यापलीकडे यादी चाळत बसलात तर झोप जाईल, हाती काही लागणार नाही.

मला कोणी गाठलं तर काय करावं?

सर्वांत मोठी चूक गाठल्यानंतरच्या तीस सेकंदांत होते. मागचा बाजूने निघून जातो, आपण चिडून किंवा उत्साहाने त्याच्यामागे सुटतो, आणि नकाशावर धरलेला अंगठा जागेवरून सरकतो. दोनशे मीटर पुढे गेल्यावर तो माणूस वळतो आणि आपण कुठे आहोत हे आपल्याला माहीत नसतं. त्याचा पुढचा कंट्रोल आपला नसेलही.

म्हणून गाठलं गेल्यावर दोन-तीन पावलं चालत जा. अंगठा कुठे आहे ते बघा, होकायंत्र नकाशावर ठेवून नकाशा फिरवा, ठरवलेली वाट बदलू नका. तो त्याच वाटेने चालला असेल तर जाऊ द्या, वाट मोकळी करा. कंट्रोलवर पोचल्यावर खांबावरचा क्रमांक तुमच्या यादीतल्या क्रमांकाशी ताडून मगच पंच करा, म्हणजे बोटावरची इलेक्ट्रॉनिक चिप तिथल्या पेटीत घालून नोंद करा. हे क्रमांक ३१ पासून पुढे असतात. गर्दीत दुसऱ्याच्या कंट्रोलवर पंच करून पुढे गेलं, आपला राहिलाच, आणि निकालात बाद, हे दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतं.

दुसऱ्याच्या मागे धावणं नियमाविरुद्ध आहे का?

हो. एकेकाला सोडायच्या शर्यतीत प्रत्येकाने स्वतंत्रपणे वाट काढून धावायचं आहे. मुद्दाम मागे लागणं हा नियमभंग. सिद्ध करणं मात्र अवघड, कारण चांगले धावक बऱ्याचदा एकच चांगली वाट निवडतात. म्हणून स्पर्धेचे अधिकारी क्वचितच हात घालतात.

जखमी माणसाला मदत करणं यात येत नाही. ते कर्तव्यच आहे. २००९ साली हंगेरीतल्या मिश्कोल्त्सच्या जागतिक स्पर्धेत, रिलेच्या शेवटच्या टप्प्यात स्वीडनचा मार्टिन योहानसन जखमी झाला. तेव्हा फ्रान्सचा थिएरी जॉर्जू, नॉर्वेचा आंदेर्स नूरबर्ग आणि चेक प्रजासत्ताकाचा मिखाल स्मोला या तिघांनी पदकावर पाणी सोडून त्याला मदत केली.

आयोजक यावर काही करतात का?

करतात, आणि कोर्स बघितल्यावर ते ओळखता येतं. लाँगमध्ये नकाशाच्या मधोमध फुलपाखरासारख्या दोन पाकळ्या दिसल्या तर समजा, माणसं तोडायची सोय आहे. मधला कंट्रोल एकच. काहींना डावी पाकळी आधी, काहींना उजवी. एकत्र धावणारे दोघे तिथे वेगळे होतात आणि दोन्ही पाकळ्या संपवून पुन्हा त्याच कंट्रोलवरून पुढे जातात. सगळ्यांचं अंतर शेवटी सारखंच भरतं. मात्र सगळेच फुटतात असं नाही. दोघांचा पाकळ्यांचा क्रम सारखाच आला तर आगगाडी तशीच पुढे जाते.

मोठ्या स्पर्धांत उशिरा सुटणाऱ्यांना बंदिस्त जागेत ठेवतात, फोन काढून घेतात, म्हणजे आधीच्यांच्या नकाशावरून किंवा थेट प्रक्षेपणावरून काही कळू नये. क्लबच्या शर्यतीत असलं काही नसतं, म्हणून शिष्टाचार महत्त्वाचा: धावून आलात की तुमच्या कोर्सवर अजून न सुटलेल्यांना नकाशा दाखवू नका आणि ‘पाचवा कंट्रोल भारी फसवा आहे’ असंही सांगू नका.

सकाळी शरीर आणि डोकं साथ देत नाही. काही उपाय?

शरीराचं तापमान दुपारनंतर चढतं आणि धावायला थोडं बरं वाटतं. पण ओरिएंटियरिंगमध्ये आधी जड असतं ते डोकं. उठल्यानंतरचा पहिला तास नकाशा वाचायला वाईट. म्हणून ९:३० ला सुटायचं असेल तर निदान तीन तास आधी उठा. भरपेट खाणं अडीच-तीन तास आधी उरका. नंतर फार तर केळं. चहा-कॉफीची सवय असेल तर पाऊण-एक तास आधी. गाडीत जुना नकाशा घेऊन चार-पाच लेग (दोन कंट्रोलमधले टप्पे) मनात धावून बघा. त्याने डोळे रेषांना सरावतात.

उशिराच्या वेळेचा त्रास वेगळा. १२:३० ला सुटायचं म्हणून सकाळभर मैदानात उभं राहून पाय थकतात, आणि दहाला खाल्लेल्या नाश्त्यावर भर म्हणून बाराला सँडविच खाल्लं की पोट दुखतं. बसून राहा, सावलीत राहा, थोडं-थोडं पाणी घ्या.

उजेडाचाही विचार करा. नोव्हेंबरात युरोपच्या उत्तरेकडे स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडांच्या दाट जंगलात दुपारी तीनलाच अंधारून येतं. नकाशातल्या हिरव्या रंगावरच्या तपकिरी समोच्च रेषा पन्नाशीच्या पुढच्या डोळ्यांना तिथे दिसेनाशा होतात. वय जास्त असेल आणि वेळ निवडायची मुभा असेल तर हिवाळ्यात लवकरची निवडा.

११:४२ ला सुटायचं तर किती वाजता पोचावं?

उलटं मोजा. समजा पार्किंगपासून मैदान ८०० मीटर, आणि मैदानापासून सुटायची जागा १.६ किलोमीटर, ६० मीटर चढ.

११:३९ ला पहिल्या रांगेत उभं राहायचं. त्याआधी १२ मिनिटं हलकं धावून अंग गरम करायला, म्हणजे सुटायच्या जागी ११:२७. तिथवर चालत २५ मिनिटं, म्हणजे मैदान ११:०२ ला सोडायचं. त्याआधी प्रसाधनगृहाची रांग, १५ मिनिटं. भाड्याची चिप घेणं, १० मिनिटं. पार्किंगपासून चालत १२ मिनिटं. म्हणजे गाडी १०:२५ च्या सुमाराला लागलेली हवी. घरून निघताना लोक ‘पावणेबाराला शर्यत, सव्वाअकराला पोचू’ असं धरतात आणि तिथेच बिनसतं. धापा टाकत नकाशा उचलला की पहिलाच कंट्रोल चुकतो, आणि क्लबच्या शर्यतींत सुटायच्या वेळेमुळे होणारं सर्वांत मोठं नुकसान हेच आहे. ते पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

रांगांचं सांगतो. वजा ३ ला, म्हणजे सुटायच्या ३ मिनिटं आधी, नाव बघतात आणि चिप तपासतात. वजा २ ला कंट्रोलच्या वर्णनाची कागदी पट्टी मिळते. ती हातावरच्या पाकिटात सरकवा. वजा १ ला तुमच्या कोर्सच्या नकाशांच्या खोक्यापाशी उभं राहा आणि खोक्यावरचं कोर्सचं नाव एकदा मोठ्याने वाचा. शेजारच्या खोक्यातला नकाशा उचलून धावलेले लोक आहेत, आणि बाहेर काढल्याशिवाय ते कळत नाही. घड्याळाची लांब शिट्टी झाली की नकाशा उचला. सगळे झेप घेतात म्हणून तुम्ही घेऊ नका. नकाशावरचा त्रिकोण म्हणजे कोर्सची सुरुवात. ती जागा खोक्यापासून काही अंतरावर असू शकते आणि तिथवर खुणा बांधलेल्या असतात. तेवढ्यात नकाशा उत्तरेला लावा आणि पहिला लेग वाचून घ्या.

चिपचं ‘क्लिअर’ आणि ‘चेक’ कशासाठी?

स्पोर्टआयडेंट चिपमध्ये मागच्या शर्यतीचे पंच राहिलेले असतात. क्लिअर पेटीवर ते पुसले जातात. आवाज येईपर्यंत चिप धरून ठेवा, घाईत काढली तर पुसणं अर्धवट राहतं. चेक पेटी पुसलं गेल्याची खात्री करते, आणि न स्पर्श करता पंच होणारी एसआयएसी चिप तीच चालू करते. चेक विसरलात तर एसआयएसी दुरून पंच करणारच नाही. पेटीच्या भोकात घालूनच पंच करावा लागेल. एका कोर्समध्ये सात-आठ वेळा हे झालं की वेळ गेलाच.

उशीर झाला तर बाद करतात का?

नाही. सुटू देतात, पण तुमचीच चूक असेल तर वेळ मूळच्या ११:४२ पासूनच मोजतात. चार मिनिटं उशिरा आलात तर ती चार मिनिटं निकालात. आयोजकांच्या चुकीने उशीर झाला, उदाहरणार्थ नकाशे वेळेवर आले नाहीत, तर नवी वेळ देतात. उशीर झालेल्याने रांगेत घुसू नये. तिथल्या माणसाला सांगावं, ते रिकामी जागा पाहून सोडतात.

काही छोट्या शर्यतींत नेमून दिलेली वेळ नसतेच. सुरुवातीच्या पेटीवर पंच केला की तुमचं घड्याळ सुरू. तिथे उशिराची चिंता नाही, पण ओळखीच्या वेगवान माणसानंतर लगेच पंच करायचा मोह होतो, अंतर ठेवावं.

लहान मूल आहे. आम्ही दोघांनी कसं धावावं?

नोंदणीत ‘दोघांच्या वेळा वेगळ्या’ अशी विनंती करा. ब्रिटनमध्ये ती रूढ आहे. एकाची वेळ लवकर, दुसऱ्याची उशिरा. अंतर ठरवताना फक्त धावायचा वेळ धरू नका. पहिल्याचा कोर्स ६० मिनिटांचा, शेवटच्या ठिकाणाहून परत १० मिनिटं, मूल हातात देणं १०, दुसऱ्याचं सुटायच्या जागेपर्यंत चालणं २५, अंग गरम करणं १०. म्हणजे जवळपास दोन तास लागतात, आणि पहिला चुकला तर त्याहून जास्त.

रिले आणि सामुदायिक सुरुवातीत हे प्रश्न संपतात का?

हे संपतात, दुसरे येतात. फिनलंडची युकोला रिले जून महिन्यात शनिवारी रात्री ११ वाजता सुटते. सात टप्पे, हजाराहून जास्त संघ, सगळे एकदम. संघाचा क्रमांक आदल्या वर्षीच्या निकालावरून पडतो आणि मागच्या ओळींतल्यांना पहिली काही मिनिटं गर्दीत चालावंच लागतं. पाठलाग टाळायला तिथे कोर्सला फाटे दिलेले असतात: शेजारच्याचा तिसरा कंट्रोल तुमचा नसतो. स्वीडनच्या टिओमिलात दहा टप्पे असतात. त्यातला चौथा, ‘लांब रात्र’ म्हणून ओळखला जाणारा टप्पा, मात्र परंपरेने फाट्यांशिवाय असतो.

स्वीडनच्या पाच दिवसांच्या ओ-रिंगेनमध्ये शेवटच्या दिवशी पाठलाग-सुरुवात असते. आधीच्या दिवसांत तुम्ही पहिल्यापेक्षा जेवढे मागे, तेवढ्या उशिराने सुटता, आणि रेघ आधी ओलांडणारा जिंकतो. तिथे दुसऱ्याला गाठणं हाच खेळ आहे.

निकाल पाहताना सुटायची वेळ कशी धरावी?

एकूण क्रमांकावर थांबू नका. प्रत्येक लेगची वेळ छापलेली असते. तुमच्या अर्धा तास आधी-नंतर सुटलेले पाच-सहा जण घ्या आणि फक्त त्यांच्याशी तुलना करा. हवा आणि जमीन तुम्हाला जवळपास सारखी मिळालेली असते. मग सुटायची वेळ अधिक कंट्रोलपर्यंतची वेळ अशी बेरीज करून प्रत्येक कंट्रोलवरची घड्याळाची वेळ काढा. एखाद्याची आणि तुमची वेळ लागोपाठ चार-पाच कंट्रोलवर दहा-पंधरा सेकंदांच्या आत येत असेल तर तो तुकडा तुम्ही एकत्र धावलात. तो नकाशावर पेन्सिलने रंगवा आणि तुमचा खरा वेग बघायचा तर उरलेल्या लेगवरचा बघा.